लेकराचं नाव झालं, आता पुढं?

(सामुदायिक रेडिओवर चारठाण्याहून झालेलं भाषण)

आम्ही चारठाण्याच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. आज हप्ते नाहीत, व्याज नाही. कर्जाचा एक विषय मधे येणार आहे, पण तोही लेकरांच्याच निमित्तानं. आज आम्हाला बोलायचं आहे ते लहानपणी टीव्हीवर गाजलेल्या लेकरांबद्दल. नाव होतं तेव्हा सगळे बघतात. लेकरू मोठं होतं तेव्हा कोण बघतं?

२००८ साल आठवा. झी मराठीवर ‘सा रे ग म प’चं लिटिल चॅम्प्स पर्व लागायचं. आपल्याकडं तेव्हा भारनियमन जोरात होतं. गाणं रंगात यायला आणि लाइट जायला एकच गाठ पडायची. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर, त्यांच्या ओसरीवर सगळी गल्ली. आमच्यातल्या काही जणी तेव्हा शाळेत होत्या, काही नव्यानं नांदायला आलेल्या. सासूसुना एका जागी बसून एकच गोष्ट बघतायत आणि भांडण नाही, असं त्या कार्यक्रमानं बऱ्याच घरांत करून दाखवलं होतं.

त्यातली पाच लेकरं तर आपल्याला घरच्यासारखी झाली होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. मुग्धा सगळ्यात धाकटी, आठ वर्षांची, तिला ‘लिटिल मॉनिटर’ म्हणायचे. प्रथमेशला ‘मोदक’ म्हणायचे. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. रोहित आपल्या मराठवाड्याचा, म्हणून इकडून त्याला किती एसएमएस गेले असतील ते मोबाइल कंपन्यांनाच ठाऊक. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. पण लोकांनी पाचही जणांना ‘पंचरत्न’ म्हणून डोक्यावर घेतलं.

आता जरा थांबून विचार करा. लोकांना काय आवडलं होतं? गाणं तर आवडलंच. पण एवढंसं लेकरू एवढं अवघड गाणं गातंय, याचंही कौतुक होतं. दुधाचा दात पडलेला, माईक हातात मावत नाही, आणि तान मात्र मोठ्या माणसाची. तेच गाणं पंचवीस वर्षांच्या बाईनं गायलं असतं तर आपण चांगलं आहे म्हणालो असतो आणि पोळीकडं बघितलं असतं. म्हणजे अर्धं कौतुक गळ्याचं होतं आणि अर्धं वयाचं. गळ्याला रियाज करता येतो. वय धरून ठेवता येत नाही.

पोरांच्या बाबतीत तर गळाही धरून ठेवता येत नाही. बारा ते पंधराच्या मधे कधीतरी पोराचा आवाज फुटतो. गळ्यातली स्वरपेटी वाढते, आवाज खाली उतरतो. मधल्या महिन्यांत तो कधी जाड येतो, कधी चिरका, पोराला स्वतःलाही कळत नाही काय निघेल. घरात आपण हसतो, ‘बघा, बाप्या झाला’ म्हणतो. पण ज्या पोराला अख्खा महाराष्ट्र त्या कोवळ्या आवाजासाठी ओळखतो, त्याचं काय होत असेल? जाणते गुरू या दिवसांत गळ्यावर जोर देऊ देत नाहीत, जपून, हलका रियाज करून घेतात आणि नवा आवाज बसेपर्यंत थांबतात. कार्यक्रमाची तारीख मात्र थांबत नाही. पोरींच्या आवाजातही फरक पडतो, तो कमी जाणवतो इतकंच. आणि मोठं होणं तर दोघांनाही चुकत नाही. गालांचा गुबगुबीतपणा जातो, पिंपल येतात, लोक तोंडावर म्हणतात, ‘अगं, तू तीच का? लहानपणी किती गोड होतीस!’ बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्या पोरीला त्याचा अर्थ, आता तू गोड नाहीस, असा लागतो.

पंचरत्नं यातून बाहेर आली, हे आपल्याला दिसतंय. आर्यानं २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ या सिनेमात काम केलं, गाणं सोडलं नाही. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उतरला आणि २०२० मध्ये दुसरा आला. म्हणजे गाजून दहा वर्षं झाल्यावर हा गडी पुन्हा रांगेत उभा राहिला, पुन्हा परीक्षकांसमोर गेला. आम्हाला त्याच्या पहिल्या यशापेक्षा हे जास्त मोठं वाटतं. २०२१ मध्ये त्याच लिटिल चॅम्प्समध्ये पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं, तेव्हा आपल्या गटाच्या व्हॉट्सॲपवर मोदक आणि मॉनिटरच्या लग्नाचे फोटो किती फिरले! जणू आपल्याच घरचं कार्य.

ही पाचही जणं टिकली कशी, याचं एकच उत्तर आमच्याकडं नाही. पण एक दिसतं. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, तेच तिचे गुरू. आर्याची आई शास्त्रीय गायिका, तिचं पहिलं शिक्षण आईकडंच. म्हणजे टीव्ही यायच्या आधी घरात गाणं होतं आणि टीव्ही गेल्यावरही राहिलं. कॅमेरे निघून गेले त्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काहीतरी होतं. आणि त्याच पर्वात पहिल्या फेऱ्यांत बाहेर गेलेली कितीतरी लेकरं होती, त्यांची नावं आज आपल्यातल्या एकीलाही सांगता येणार नाहीत. बाहेर जाताना ती रडली असतील आणि आपण रात्री दुसरं चॅनल लावलं असेल.

आता सिनेमातलं एक उदाहरण, कारण ती पोर खेड्यापाड्यात फार गाजली. अकलूजची रिंकू राजगुरू. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा ती शाळेत होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली. पण सिनेमा आला आणि बाहेर पडलं की गर्दी. शाळेत नेहमीसारखं जाऊन बसणं होईना. शेवटी २०१७ मध्ये तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून दहावीची परीक्षा दिली. ६६ टक्क्यांच्या आसपास मार्क पडले आणि ते मार्कसुद्धा बातमी झाले. आपल्या पोरींचे मार्क भावकीत चर्चेला येतात तर त्या चार दिवस जेवत नाहीत. हिचे मार्क सगळ्या महाराष्ट्रानं वाचले. पुढं २०२० मध्ये तिनं बारावीही केली, चांगल्या मार्कांनी. तिच्या घरच्यांनी शिक्षण सुटू दिलं नाही, ही गोष्ट आपण सांगायला विसरतो. आर्चीचे डायलॉग मात्र पाठ असतात.

जुन्या काळातही हेच होतं. सचिन पिळगावकर १९६३ च्या ‘हा माझा मार्ग एकला’ मध्ये लहान मूल होते. महेश कोठारे त्याच वर्षी ‘छोटा जवान’ मध्ये होते, मग ‘राजा और रंक’ मध्ये. कोठारेंनी पुढं कायद्याचं शिक्षण घेतलं, काही वर्षं वकिली केली आणि मग १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ काढला. ज्यांनी खंडोबाची ‘जय मल्हार’ मालिका घराघरात आणली, तेच हे. हातात दुसरं काम येत होतं, म्हणून सिनेमात कधी यायचं ते त्यांना स्वतः ठरवता आलं, असं आम्हाला वाटतं.

आणि सारिका ठाकूर. सचिनबरोबर १९७५ मध्ये ‘गीत गाता चल’ मध्ये होती ती सारिका. त्याआधी ‘बेबी सारिका’ या नावानं ‘हमराज’सारख्या सिनेमांत तिनं लहानपणीच काम केलं. वडील घर सोडून गेलेले, आई आणि ही एवढीशी पोर, घर तिच्या कमाईवर. आपल्याला शाळेत जायला मिळालं नाही, हे तिनं मोठेपणी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. पुढं ‘परझानिया’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण म्हणून तिचं लहानपण परत आलं का? ऊसतोडीला आईबापामागं जाणारी, कोपीत धाकट्या भावाला सांभाळणारी पोर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिची शाळा सुटते तेव्हा आपल्याला कळतं की काहीतरी वाईट होतंय. कॅमेऱ्यासमोरच्या पोरीची सुटते तेव्हा कळत नाही, कारण तिच्या अंगावर नवा फ्रॉक असतो.

आता पैशाचं. गटाच्या बायांना हे लगेच समजेल.

अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी जॅकी कूगन नावाचा एक पोरगा होता. चार्ली चॅप्लिनबरोबर १९२१ च्या ‘द किड’ मध्ये होता. लाखो डॉलर कमावले. एकवीस वर्षांचा झाला आणि आपले पैसे बघायला गेला, तर आई आणि सावत्र बापानं ते उडवलेले. तो कोर्टात गेला. तिथला त्या वेळचा कायदा म्हणायचा की अज्ञान मुलाची कमाई आईबापाची. त्याच्या हातात थोडीशीच रक्कम आली. त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला, की लेकराच्या कमाईतला वाटा त्याच्याच नावानं बाजूला ठेवायचा.

आपल्याकडं हे यायला फार वेळ लागला. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी, पण सिनेमा, मालिका, जाहिरात, खेळ यांना अटी घालून सूट. सर्कशीला ती सूटही नाही. २०१७ च्या नियमांत त्या अटी आल्या. पेन घ्या हातात, सांगतो.

लेकराला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. काम सुरू करायच्या आधी निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. शाळा बुडू नये याची हमी द्यायची, आणि सलग सत्तावीस दिवसांच्या वर काम करवून घ्यायचं नाही. पाच लेकरांमागं निदान एक जबाबदार माणूस नेमायचा. कमाईतले किमान वीस टक्के लेकराच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. म्हणजे पन्नास हजार मिळाले तर दहा हजार ठेवीत, पावती लेकराच्या नावाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेकराच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करवून घ्यायचं नाही.

हे शेवटचं वाक्य कागदावर फार सोपं दिसतं. आमच्या एका गटात ते किती अवघड आहे ते कळलं.

त्या गटातल्या एका सदस्य ताईनं पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहायचं काय, तर मुलीची ऑडिशन. मुलगी पाचवीत. गणपतीत, सप्ताहात गाते, गळा खरंच गोड आहे, त्यात खोटं नाही. कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की मुलीचा व्हिडिओ पाहिला, निवड झाल्यात जमा आहे, नोंदणीचे आणि फोटोच्या अल्बमचे पैसे तेवढे भरा. ताई रोजानं निंदायला जाणारी. तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते लेकीसाठी. बैठकीत तिचा चेहरा बघून कुणाला नाही म्हणवेना.

अध्यक्षांनी विचारलं, हप्ता कशातून फेडणार? ताई म्हणाली, पोरगी टीव्हीवर आली की पैसेच पैसे. तेव्हा गटातल्या एक म्हाताऱ्या मावशी बोलल्या. त्या एरवी बैठकीत डोळे मिटून बसतात. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी कर्ज तू काढायचं अन् फेडायचं लेकरानं?’ सगळ्या गप्प. मग त्याच म्हणाल्या, ‘त्या पोरीला इचारलं का कुणी?’

पोरीला बोलावलं. ती दाराशी उभी राहून म्हणाली, ‘जायचंय. पण आईनं माझ्यासंगं राहायचं.’ आता हे उत्तर हो आहे का नाही, तुम्हीच सांगा. आई संगं राहिली तर रोजगार बुडतो, घरी धाकटा पोरगा आणि सासू. आई राहिली नाही तर पोर परक्या शहरात कुणाच्या भरवशावर? कुणी ओरडलं, कुणी कुठं हात लावला, तर ती सांगणार कुणाला? एवढा विचार त्या दिवसापर्यंत कुणी बोलून दाखवला नव्हता.

गटानं ठराव केला की आधी पैसे मागणाऱ्या माणसासाठी कर्ज नाही. त्यानं कार्यक्रमाचं नाव, वाहिनीचं पत्र, ऑडिशनचं ठिकाण लेखी द्यावं, मग पुढच्या बैठकीत बघू. फोनवर तसं सांगितलं. त्या माणसानं दोन दिवसांनी फोन उचलणं बंद केलं.

इथं तुम्ही म्हणाल, झालं, वाचली. पण ताईला तसं वाटत नाही. तिला अजून वाटतं की संधी होती आणि बायांनी आडकाठी घातली. दोन सदस्यांशी ती आजही नीट बोलत नाही. आम्ही तिला दोष देत नाही. आपल्या गावातून मोठं व्हायचे रस्ते किती आहेत? पोलीस भरती, डी. एड., नर्सिंग, नाहीतर लग्न. लेकीच्या गळ्यात एक रस्ता दिसला तर आई त्यावर पाय टाकणारच. पोरगी सध्या गुरुवारी भजनी मंडळाच्या पेटीवर बोटं ठेवायला शिकते. एवढ्यात गाणं येईल का नाही, माहीत नाही. पण तिथं तिला कुणी बाद करत नाही.

टीव्ही तरी लांब आहे, मोबाइल तर चुलीपर्यंत आलाय. आपल्या जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर चिमुकल्या पोरींना लाल लिपस्टिक लावून रील काढताना आम्ही बघतो. गाणं मोठ्यांचं, नजर मोठ्यांची, खाली अनोळखी पुरुषांच्या कमेंट. पाच तासांचा नियम, वीस टक्क्यांची ठेव हे सगळं निर्मात्याला धरून आहे. घरातल्याच मोबाइलवर काढलेल्या रीलला जिल्हाधिकारी कचेरीतून कोण तपासायला येणार? तिथं निर्माताही आपण आणि पालकही आपणच. इन्स्टाग्राम स्वतःच म्हणतं की तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं नको. तरी आपण वय वाढवून खातं उघडून देतो आणि व्ह्यूज कमी आले की पोरीला म्हणतो, ‘आज तू नीट हसली नाहीस.’ हे वाक्य चारठाण्यातच ऐकलंय, लांब जायची गरज पडली नाही.

म्हणून कुणाचं लेकरू खरंच निवडलं गेलं तर आनंद करा, पेढे वाटा. चौकात भला मोठा फ्लेक्स लावायची घाई मात्र करू नका. फ्लेक्स एका पावसाळ्यात फाटतो आणि लेकराला रोज शाळेत जाताना त्याच चौकातून जायचं असतं. शाळेत आधी मुख्याध्यापकांना भेटा, बुडालेला अभ्यास कोण घेणार ते विचारा. बँकेत लेकराच्या नावानं खातं उघडा, ठेवीची पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघा. करारावर सही करण्याआधी तो गटातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि पोर पहिल्याच फेरीत बाद होऊन परत आली, तर एसटीतून उतरल्यावर ‘काय झालं’ असं विचारायच्या आधी ‘जेवलीस का’ विचारा. बाकीचं ती रात्री आपणहून सांगेल.

कुठं लेकराकडून जबरदस्तीनं काम करवून घेताना दिसलं, कुणी त्रास देत असेल, तर १०९८ हा लेकरांसाठीचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो. लिहून घ्या, एक शून्य नऊ आठ. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लिहा, लेकरांना दिसेल असा.

पुढच्या वेळी ग्रामसंघाच्या ताई पीक विम्याच्या कागदांबद्दल बोलणार आहेत. सातबारा जवळ ठेवा. रामराम.